अंगठ्याला बांधलेली मासोळी

साताऱ्याला परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "अंबरनाथचं देऊळ पाहिलंत का?" पाहिलं. बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं, आणि मागच्या ओढ्याच्या काठावर पालथं पडून तर तासभर पाहिलं. तेव्हा मी देवळाकडे पाठ करून पाण्यातली बारकी मासोळी बघत होतो, ही गोष्ट वेगळी. दर्शनाला आलेल्या एका बाईंनी मला फिट आली असं समजून कांदा हुंगायला दिला. कांदा चांगला होता.

मी पटवेगार. सोनाराकडून दागिना आला की त्याचे मणी, पेट्या, पदकं रेशमात गाठवायची, गोंडे बांधायचे, आकडा बसवायचा, हे आमचं पिढीजात काम. असा माणूस दुकान बंद ठेवून, दिवाळीनंतरची लग्नसराईची कामं टांगून अंबरनाथला कशाला गेला, हे नीट सांगायलाच हवं. कारण आमच्या पेठेत मी जावई शोधायला गेलो होतो असं पसरलंय.

अंबरनाथ, गुरुवार

मधू आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तो शिकला, साहेब झाला, आता अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी आहे. त्याला बंगलीवजा घर आहे, पुढं पेरूचं झाड आहे आणि मागं घेवड्याचा वेल. सातारच्या माणसाला पहिल्यांदा जाणवते ती हवा. थंडीचे दिवस म्हणायचे, पण दुपारी सदरा अंगाला चिकटतो. दुसरी जाणवते आमटी. आम्ही जिथं शेंगदाण्याचं कूट घालतो तिथं ही माणसं नारळ घालतात, आणि चिंचेच्या जागी कोकम. मधूच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, पहिल्या जेवणाला वालाचं बिरडं केलं होतं. सोललेला एकेक वाल अखंड, आणि तरी जिभेवर विरघळणारा. मी तीनदा मागून घेतलं आणि चौथ्यांदा न मागता वाढलं गेलं.

जेवण झाल्यावर मधूनं एक पत्र्याची डबी आणली. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला. जाताना त्यानं मधूला एक बांबूची लवचीक काठी, दोरा गुंडाळायचं पितळी चाक आणि ही डबी दिली. डबीत एक वस्तू होती. लांब दांडीचा गळ, त्याच्या दांडीवर रेशमाचं अंग, अंगावर चांदीचे वेढे आणि पाठीवर कोंबड्याची लांब निमुळती पिसं. पाण्यातून ओढली की हुबेहूब बारकी मासोळी पोहतेय असं दिसायचं. मोठा मासा फसून गिळायला येतो, अशी त्यातली मेख. साहेब तिला माशी म्हणायचा. रूप मासोळीचं आणि नाव माशी, हे कोडं मी साहेबावरच सोडून दिलं.

"दाखव तर खरं," मी म्हणालो.

मधूनं डबी उघडली. आत गंजका गळ, चांदीचा एक तुटका वेढा, आणि पिसाचा खुंट. बाकी सगळं कसरीनं खाल्लं होतं.

"पावसाळ्यात उघडायची राहिली रे," तो म्हणाला. पन्नाशीला टेकलेला, हाताखाली शंभर माणसं असलेला हा गृहस्थ, डबीकडे असा बघत होता की शेवटी मीच तिचं झाकण लावलं. "म्हणून तुला बोलावलं, गण्या. रेशीम, गाठ, वेढा, हे तुझं काम. मला एक करून दे."

"दुसरी आणायची विलायतेहून."

"रविवारच्या आत?"

रविवारचं काय, ते वहिनींनी सांगितलं. मधूची बदली जबलपूरला झाली होती. महिनाअखेर निघायचं होतं. घरात जिकडेतिकडे ट्रंका, वळकट्या, सुतळ्या. कोपऱ्यात ती काठी उभी होती, दारापेक्षा उंच.

"भावजी, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या. "साहेब गेल्यापासून दर रविवारी हे बदलापूरला नदीवर जातात. आजवर या घरात जेवढे मासे आले ते सगळे मी कोळणीकडून घेतले. यांनी आणला तो फक्त सर्दीखोकला. मी यांना सांगितलंय, रविवारी त्या पिसांवर एक मासा धरून दाखवा, काठी जबलपूरला येईल. नाहीतर मी ती घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवून जाणार."

"एकच मासा?" मी विचारलं.

"एकच. पण त्या पिसांवर. गांडूळ लावून नाही."

मधू माझ्याकडे बघत होता. त्या रात्री झोपायच्या आधी त्यानं मला सांगितलं, "दिवसभर यंत्रांचा आवाज डोक्यात घुमत असतो. नदीवर गेलं की थांबतो. मासा नाही मिळाला तरी थांबतो. पण हे तिला कसं पटवू?" मी म्हणालो, पटवायचं काम आमचंच आहे, झोप आता.

उल्हासनगर, शुक्रवार

रेशीम मी घरून नेलं होतं. पिसं मधूनं जमवून ठेवली होती. अडलं चांदीपाशी. या कामाला जरीची गोल तार चालत नाही, चपटी तार म्हणजे बादला लागतो, आणि तो मी साताऱ्यात विसरलो होतो. मधू म्हणाला, उल्हासनगरला जा, तिथं मिळत नाही अशी वस्तू जगात नाही.

टांग्यानं गेलो. लढाईत शिपायांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि त्यात आता सिंधमधून आलेली माणसं. फाळणी होऊन काही फार वर्षं झालेली नाहीत, पण एकेका बराकीच्या पडवीत दुकान मांडलेलं, दुकानापुढं दुसरं दुकान, आणि दोघांच्या मधल्या जागेत तिसऱ्याची खाट. कुणी बिस्किटं भाजतोय, कुणी फौंटनपेन दुरुस्त करतोय. आमच्या पेठेत दुकानदार गिऱ्हाईक आलं की आधी पेपर संपवतो. इथं मी बघण्याआधीच मला चार जणांनी "आओ साईं" म्हणून बोलावलं.

भरतकामाचं सामान विकणारी एक म्हातारी अम्मा होती. पांढरी ओढणी, नाकात मोठी चमकी. मी बादला मागितला, तर तिनं आधी मला खाटेवर बसवलं आणि पापड हातात दिला. भाजलेला, भला मोठा. सोबत गार पाणी. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात आणि पापड जेवणात येतो, तोही पानाच्या डाव्या कोपऱ्यात, मोजका. इथं बाहेरून आलेल्या तापल्या माणसाला पहिल्यांदा पापडच.

"पहले खाओ, फिर बात," अम्मा म्हणाली.

खाल्ला. मग तिनं बादल्याची रिळं काढली. मी नखावर घासून, दातात धरून बघितली. तिनं विचारलं, "दुल्हन के लिए?"

"नाही अम्मा, मछलीके लिए."

तिला वाटलं माझं हिंदी चुकलं. मी गळ दाखवला, पिसं दाखवली, हातानं पोहून दाखवलं. अम्मा एवढी हसली की शेजारचा पेनवाला उठून आला. "मछली को जरी पहनाओगे, साईं? हमारे सिंध में पल्लो ऐसे ही आता था, बिना शादी के कपडे के!" मग हसू ओसरलं तशी ती म्हणाली, पल्लो म्हणजे त्यांच्या नदीतला मासा, आणि तसा मासा इकडे कुठं नाही. हे तिनं रडवेलं होऊन नाही सांगितलं. सासरी आलेली बाई माहेरचे आंबे सांगते तसं, थोडं ऐटीतच सांगितलं. जाताना बादल्याच्या रिळावर वरून हातभर तुकडा जास्त दिला आणि बजावलं, "मछली मिले तो मुझे बताना जरूर."

दुपारी परत येऊन कामाला बसलो. आता आमची बैठक कशी असते ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून झाला.

पटवेगार जमिनीवर बसतो, उजवा पाय लांब करतो, आणि पायाच्या अंगठ्यात रेशमाचा फास अडकवतो. दागिन्याचं एक टोक त्या फासात, दुसरं डाव्या हातात. अंगठा ताणून धरतो आणि उजवा हात वेढे घालतो. साहेबाकडे म्हणे या कामाला टेबलावर स्क्रूनं बसवायचा लोखंडी शिकंजा होता. आमचा शिकंजा देवानं जन्मतःच दिलेला. मी गळाच्या नाकातून फास ओवला, अंगठ्याला अडकवला आणि सुरुवात केली.

दांडीवर पांढऱ्या रेशमाचं अंग गुंडाळलं. त्यावर बादला, थोडी थोडी जागा सोडून, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. पिसं निवडायला सगळ्यात वेळ गेला. दोन पिसं घ्यायची ती जोडीची हवीत, एक डाव्या अंगाला वळणारं, एक उजव्या, म्हणजे तळहात जुळवावेत तशी समोरासमोर बसतात. ती दांडीवर अशी बांधली की टोकं गळाच्या मागं निघून शेपटीसारखी हलावीत. डोक्यापाशी काळं रेशीम, मेण, आणि दोन्ही बाजूंना बारीक काळ्या गाठीचे डोळे. शेपटीला एक छोटा गोंडा लावायचा मोह मला आवरला नाही.

खरं सांगतो, सुरेख झाली होती. मी "मधू, बघ रे!" म्हणून उठलो. अंगठ्यातला फास काढायचं विसरलो. मासोळी हेलकावा खाऊन आली आणि गळ माझ्याच अंगठ्यात रुतला.

मी जे ओरडलो त्यानं पेरूवरचे पोपट उडाले. मधू पक्कड घेऊन धावला, वहिनी हळद घेऊन. गळ निघाला, रक्त थांबलं. मी घाम पुसत म्हणालो, "वहिनी, पिसांवर पहिली शिकार मिळाली. अट पुरी झाली म्हणायची का?"

"मासा म्हटलं होतं मी. पाहुणा नाही."

मग मधूनं हळूच न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ उचललं. मासोळी पाण्यात कशी पोहते ते बघायचं होतं. वहिनींनी ते दारातच अडवलं. "अंघोळीच्या घंगाळात कोंबड्याची पिसं? या घरात नाही." तिथं तो विषय संपला. तिथंच, हे आम्हाला नंतर कळलं, आमची एक दिवसाची मेहनत पाण्यात गेली. पाण्यात न जाण्यामुळं गेली, हे जास्त खरं.

बदलापूर गाव, शनिवार

मधूनं रजा काढली होती. सकाळच्या गाडीनं बदलापूरला उतरून, भातकापणी झालेल्या खाचरांतून, जुन्या गावाला वळसा घालून नदीवर गेलो. मी अंगठ्याला फडकं बांधून लंगडत. गावात कौलारू घरं, अंगणात भाताच्या उडव्या, आणि ओट्यावर बसलेली माणसं मधूला ओळखून विचारत होती, "आज तरी?" उल्हास नदी पावसाळ्यात कशी असते ठाऊक नाही, पण मी पाहिली ती निवळशंख होती. काळे खडक, खडकांमधून धावणारं पाणी आणि पुढं एक खोल हिरवा डोह. साताऱ्याला आमची नदी पावसाळा संपला की दमते. ही दमलेली दिसत नव्हती. मला एकदम फार आनंद झाला. मधू दर रविवारी इथं का येतो ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते वहिनींना कसं सांगावं हे मलाही सुचेना.

डोहाच्या काठी बुधाजी भेटला. हा जवळच्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतला, मधूचा नदीवरचा जुना सोबती. अंगात बंडी, कमरेला कोयता, आणि बोलण्यापेक्षा बघणं जास्त. मधूनं मासोळी दोऱ्याला बांधली, काठी फिरवली आणि डोहात टाकली. मग ओढायला लागला. आम्ही तिघं वाकून बघत होतो.

बुधाजी म्हणाला, "ह्यो उताणा पवतोय."

खरंच. माझी सुरेख मासोळी पोट वर, पाठ खाली, पिसं गळाखाली लोंबत, गरगर फिरत येत होती.

"जित्ता मासा असा पवत नाय, सायब. मेल्याला बी असा फिरत नाय." बुधाजीनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. "आन् मागं त्यो झुबका कसला?"

तो माझा गोंडा होता.

मी मासोळी हातात घेतली, उलटसुलट फिरवली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दागिन्याचा आकडा बांधताना पटवेगार त्याचं टोक नेहमी वर, आपल्याकडे ठेवतो. मानेला टोचू नये म्हणून ते बाहेरच्या बाजूला राहायला हवं. बापानं शिकवलं, आजानं बापाला शिकवलं. गळ हातात आला तेव्हा माझ्या बोटांनी त्याला आकडा समजून टोक वर धरलं, आणि मी त्याच वरच्या बाजूला पिसं बांधली. पाण्यात मात्र गळाचं टोक वजनानं खाली जातं. मी मासोळीच्या पोटावर पाठ बांधली होती.

मला स्वतःचा असा राग आला की मी ती डोहात भिरकावणार होतो. मधू मात्र हसत सुटला. हसता हसता खडकावर बसला. "गण्या, तू माशाच्या गळ्यात घालायचा दागिना केलास रे!"

बुधाजी तेवढ्यात शांतपणे म्हणाला, "डोळं बी बारीक हायेत. चला वाडीवर. डोळं देतो."

वाडीवर त्याच्या घरी चहा झाला, गुळाचा, काळा. मग त्यानं आढ्यातून एक फडक्याची पुरचुंडी काढली. रानकोंबड्याच्या मानेची पिसं. मी जन्मभर मीनाकारी बघत आलोय, पण अशी बघितली नव्हती. प्रत्येक पिसाच्या टोकाला मेणाचा पिवळसर चकचकीत ठिपका. मधू एकदम म्हणाला, "अरे, साहेबाच्या मासोळीला हेच डोळे होते!" म्हणजे आमच्याच डोंगरातला पक्षी. त्याची पिसं बोटीतून विलायतेला गेली, तिथं मासोळी झाली, साहेबाच्या पेटीतून परत आली आणि इथल्याच कसरीनं खाल्ली. मला याची फार गंमत वाटली. बुधाजीला वाटली नाही. त्यानं विचारलं, "मंग थेट हितंच का न्हाय मागितली?"

परतताना मी अंबरनाथच्या देवळामागं ओढ्याकाठी पालथा पडलो, तो हाच शनिवार. बारकी मासोळी पाण्यात खरी कशी दिसते ते एकदा बघायचं होतं. ती अंगानं फारच सडपातळ असते. वळताना तिची चांदी एकदा चमकते आणि मग दिसेनाशी होते. माझी लठ्ठ झाली होती. त्यानंतर कांदा.

सांडशी

दुपारी पुन्हा बसलो. उजवा अंगठा सुजून टम्म झाला होता. फास अडकवला आणि तारे दिसले. डाव्या अंगठ्याला अडकवून पाहिलं, तर हातांना दिशाच कळेना. जन्मभर उजवीकडे तोंड करून चाललेल्या बैलाला डावीकडे वळवावं तसं झालं. मधू धरतो म्हणाला. उद्याच्या विचारात त्यानं दोनदा गळ खाली पाडला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या आत गेल्या आणि सांडशी घेऊन आल्या, दूध उतरवायची. समोर पाट टाकून बसल्या.

"द्या इकडे तो गळ. तुमच्या कण्हण्यानं माझं बिरडं करपेल."

त्यांनी गळाचा वाक सांडशीत पकडला. टोक खाली, दांडी आडवी, हात भिंतीसारखा स्थिर. रोज उकळतं दूध उतरवणारा हात तो. माझ्या लक्षात आलं, आता चूक होणारच नाही. सांडशीत धरल्यावर गळ आपोआप पाण्यातल्यासारखाच बसला होता.

या वेळी अंग सडपातळ ठेवलं. बादल्याच्या वेढ्यांत जास्त जागा सोडली. गळ्याखाली वाडीवरून आणलेले बुधाजीच्या बकरीचे चार पांढरे केस. पाठीवर पिसांची एकच जोडी, अंगाला लागून निजलेली. मग रानकोंबड्याचे डोळे.

"डावा वर गेलाय," वहिनी म्हणाल्या.

"नाही गेला."

"गेलाय. मी समोर बसलेय."

गेला होता. सोडून पुन्हा बांधला. नंतर त्या बोलायला लागल्या. हा रंग का, ही पिसं मागंच का, गोंडा का नाही. मी सांगत गेलो आणि बोटं चालत गेली. मधू उंबऱ्यावर बसून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. बायको आपल्या मासोळीला हात लावतेय, हे त्याला खरं वाटत नसावं. शेवटचा वेढा घातला, गाठ लपवली, मेण लावलं.

वहिनींनी ती सांडशीतून काढली, तळहातावर ठेवली, फुंकर घातली. पिसं हलली.

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि न्हाणीघरातून घंगाळ भरून स्वतः घेऊन आल्या.

मधूनं ट्रंक सरकवून जागा केली. वहिनींनी दोरा धरून मासोळी पाण्यात सोडली आणि काठाकाठानं फिरवली. ओली झाल्याबरोबर पिसं मिटली, अंगाला चिकटली, चांदी एकदा चमकली आणि विझली. पाठ वर, पोट खाली. घंगाळात एक बारकी मासोळी पोहत होती. वहिनींच्या पायातल्या मासोळ्यांकडे बोट दाखवून मधू म्हणाला, "तुझ्या पायातल्यांपेक्षा जिवंत आहे." यावर त्याला जो कटाक्ष मिळाला, त्यात राग कमी होता.

"उद्या मी येणार नदीवर," वहिनी म्हणाल्या. "माझ्या सांडशीतली आहे. बघू तर माशाला कळतं का."

रविवार

सकाळभर मधूनं काठी फिरवली. डोहाच्या या टोकाला, त्या टोकाला, खडकाच्या आडून. मासोळी झकास पोहत होती, पण कुणी ढुंकून बघेना. बुधाजी म्हणाला, पाण्यात खडस आहेत. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा मासा, साहेबाचा जीव त्यावर होता. आहेत तर आहेत. दुपार झाली. भाकरी, लसणाची चटणी आणि तळलेले बोंबील खाल्ले. विकतचे बोंबील.

जेवणानंतर मधू अर्धा तास आणखी झगडला. मग त्यानं काठी खाली केली. "राहू दे, इंदू," तो म्हणाला. "घेवड्याला लाव." हसून म्हणाला, पण मी त्याला लहानपणापासून ओळखतो. मला नदीकडे बघत राहावं लागलं.

वहिनी उठून काठाशी आल्या. मधू तोंड धुवायला खाली वाकला तशी त्यांनी त्याच्या हातातली काठी धरली, मातीत पडू नये एवढ्यासाठी. दोरा पाण्यातच होता. खडकावर पाय रोवून त्या उभ्या राहिल्या आणि काय मनात आलं कोण जाणे, धुणं खळबळावं तशी त्यांनी काठी हलवली. एक हिसका, मग सैल. एक हिसका, मग सैल. मधू एकसारखं, साहेबानं शिकवलं तसं ओढायचा. इकडे मासोळी दुखावल्यासारखी थबकत होती, पुन्हा निसटत होती.

काठी वाकली.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "अडकलं कुठंतरी!"

अडकलं नव्हतं. दोरा डोहातून सर्रकन वरच्या अंगाला निघाला आणि चाक किरकिर ओरडायला लागलं. मधू वळला, धावला, शेवाळावर घसरला आणि कमरेपर्यंत पाण्यात बसला. तिथूनच, "काठी वर! दोरा सैल! नाही, ताण! इंदू, ताण!"

"ओरडू नका हो! मला धरू द्या!"

पदर खोचलेला, दात ओठावर, वहिनी त्या माशाबरोबर खडकावरून खडकावर चालत होत्या. मधू पाण्यातून हातवारे करत मागं. मी अंगठा विसरून लंगडत त्याच्या मागं, काय करायचं ठाऊक नसताना "शाब्बास! शाब्बास!" म्हणत. दोनदा मासा खाली गेला, दोनदा वहिनींनी त्याला परत आणला. शेवटी बुधाजीनं टोपली घेऊन उथळात उडी घेतली आणि टोपलीसकट मासा काठावर फेकला.

सोनेरी खवले, नाण्याएवढे. हातभर लांब खडस. आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात माझी मासोळी, रानकोंबड्याच्या डोळ्यानं आमच्याकडे बघत. माझ्या कामाची तारीफ सोनारांनी केलीय, नवऱ्या मुलींच्या आयांनी केलीय. पण त्या माशानं माझी मासोळी खरी समजली, ही पावती मला आजवर मिळाली नव्हती. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते मी लपवलं नाही. सगळे भिजलेलेच होते.

मधू नाचत होता. नाचता नाचता थांबला. "पण..." तो म्हणाला. "धरला तू."

सगळ्यांच्या लक्षात आलं. अट होती की यांनी मासा धरून दाखवावा. पिसांवर मासा तर आला, पण मधूच्या हातून नाही. वहिनी दम टाकत खडकावर बसल्या. काठी त्यांच्या मांडीवर होती. एक हात त्यांनी तिच्यावरून सावकाश फिरवला, चाकापासून टोकापर्यंत, आणि नदीकडे बघत राहिल्या. मधूनं विचारलं, "काय गं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. जरा गप्प बसा. छान वाटतंय इथं."

मधू त्यांच्या शेजारी बसला. मी आणि बुधाजी मासा घेऊन लांब गेलो.

रात्री कोकम घालून कालवण झालं. काटे खूप, चव त्याहून खूप. बुधाजीचा वाटा तिथंच नदीवर दिला होता. काठीचा निकाल मात्र जेवण संपलं तरी लागला नव्हता.

परत

सोमवारी सकाळी मधू टांग्यानं उल्हासनगरला जाऊन अम्माला मासा मिळाल्याचं सांगून आला. तिनं पापडांचं पुडकं पाठवलं आणि निरोप दिला, पल्लोपेक्षा लहान असेल.

मी निघायची तयारी करत होतो. न्हाणीघरात डोकावलो तर घंगाळाच्या काठावर मासोळी धुऊन वाळत घातलेली, पिसं बोटानं विंचरल्यासारखी सरळ. बाहेर मोठी वळकटी बांधून तयार होती, आणि तिच्यातून दोन्ही बाजूंनी फडक्यात गुंडाळलेली काठीची टोकं निघाली होती. मधू त्या वळकटीकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा मी सांगत नाही, तुम्ही तुमच्या मनानं बघा.

"म्हणजे काठी येणार?" त्यानं विचारलं.

"माझी काठी आहे. मी येणार तर ती येणारच," वहिनी म्हणाल्या. "जबलपूरला नर्मदा आहे म्हणे. तुम्हाला रविवारी देत जाईन, माझं झालं की."

मग त्या माझ्याकडे वळल्या. हातात ती दूध उतरवायची सांडशी होती. ती त्यांनी माझ्या पिशवीत घातली.

"भावजी, अंगठा बरा होईपर्यंत ही ठेवा. आणि अशा अजून दोन करून पाठवा. एक माझी. दुसरी यांना द्या, बिचारे रिकाम्या हातानं बसतील."

सांडशी आता माझ्या बैठकीशेजारी आहे. घरचं माणूस रोज विचारतं की सातारच्या सांडश्यांना काय झालं होतं. अंगठा कधीच बरा झाला, तरी मी तीच वापरतो. वहिनींची मासोळी झाली. मधूची अजून व्हायची आहे. लग्नसराईची कामं पडलीत, आणि नदीवर काय नि इथं काय, त्याचा नंबर आता दुसरा आहे.